एकवीस प्रदक्षिणा आणि डावं वळण

“रुग्णाचा रोजचा नेम आधी विचारा, मग व्यायाम त्यातच बसवा.”

तिला शिकवणारे सर जाऊन सहा वर्षं झाली, तरी डॉ. नीरजा तामणेला त्यांचा तो आवाज जसाच्या तसा आठवे. रत्नागिरीच्या टेकडीवरच्या चलन-पुनर्वसन केंद्रात कंपवाताचा नवा रुग्ण आला, की ती पहिल्यांदा नेमच विचारी.

कमळजाबाई पेंढरकरांनी आपला नेम सांगितला होता. रोज सकाळी गणपतीला एकवीस प्रदक्षिणा, मग हात लांबवून फूल वाहायचं आणि तीर्थ घ्यायचं. नीरजाने तोच व्यायाम ठरवला. फक्त तेवढा वेळ डोक्यावर चलनपोषक टोप घालायचा; त्याखाली केलेली हालचाल मेंदूत पुन्हा पक्की होई. भिंत धरून सरकणाऱ्या बाई सात महिन्यांत ताठ चालू लागल्या. ते पाहून तिने आणखी अकरा जणांना प्रदक्षिणाच सांगितल्या.

आणि पंधरा दिवसांपूर्वी कमळजाबाई स्वतःच्या फाटकाबाहेर डावीकडे वळताना पडल्या.

आज त्या केंद्रातल्या तपासणीच्या दालनात होत्या. उजवीकडे मोठा, सावकाश वळसा त्या सहज घेत. डावीकडे वळा म्हटलं, की पाय जमिनीला खिळत. जागच्या जागी वळणं तर आजाराने टोपाच्या आधीच नेलं होतं.

टोप घडवणारा अभियंता फैजल मुकादम बराच वेळ आलेख बघत होता.

“मॅडम, या कधी डावीकडे वळतच नाहीत का?”

नीरजाने मनातल्या मनात एक प्रदक्षिणा घालून पाहिली. प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवूनच घालतात. सात महिने, रोज एकवीस फेऱ्या. टोपाखाली बाई एकदाही डावीकडे वळल्या नव्हत्या.

“टोप नवं काही निर्माण करत नाही,” फैजल म्हणाला. “मेंदूकडे दुरुस्तीचं द्रव्य मोजकंच असतं. टोपाखाली जी हालचाल होते, तिच्या वाट्याला ते जातं. जी होत नाही, तिच्या वाट्याचं काढून.”

“हे मला ठाऊक होतं. पण चालणं म्हणजे चालणं असं धरलं मी. उजवं-डावं वेगळं मोजलंच नाही.”

“मेंदू मोजतो.”

“म्हणजे हे तुम्हा दोघांचं काम,” कमळजाबाई म्हणाल्या. “मी आपली पंधरा दिवस उगाच देवावर रुसून बसले.”

नीरजाने त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, की डावं वळण परत येईल का? त्यांना घाई होती. डावीकडच्या लगतच्या घरात त्यांची थोरली बहीण, माई, अंथरुणाला खिळून होती. आजार तोच, फार पुढे गेल्यामुळे तिला टोप नाकारला गेला होता. त्या दिवशी कमळजाबाईंनी तिला शब्द दिला होता, की रोज चारला येऊन तुझी बोटं मी उघडून देईन. दुसऱ्या कोणाच्या हाती माई हात देत नसे. पंधरा दिवसांत तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात रुतली होती.

“एका टोपात चार हालचाली मावतात,” नीरजाने सांगितलं. “तुमच्या चारही भरल्यात. चालणं, उजवं वळण, हात लांबवणं, गिळणं. डावं हवं तर एक सोडावं लागेल.”

“हात सोडले तर माईची बोटं कशाने उघडू?”

“म्हणून उजवं सोडूया. तीन महिन्यांत डावं येईल. तोवर चाकांची खुर्ची देते.”

“खुर्ची आली की मी बसेन, आणि बसले की उठणार नाही. मला माझी ओळख आहे गं.”

मग त्या टेबलावर बोट फिरवू लागल्या. एक चौकोन, त्याच्या एका बाजूला शेजारी शेजारी दोन घरं.

“डावं आलं तर जाताना पंधरा पावलं. पण उजवं गेलेलं असेल, म्हणजे येताना सगळ्या वसाहतीला वळसा. बरोबर?”

“बरोबर,” फैजल म्हणाला.

“आत्ता उजवं आहे. उजवीकडे निघाले, कोपऱ्याकोपऱ्याला उजवीकडेच वळले, तर शेवटी माईचं फाटक उजव्याच हाताला येतं. येताना पंधरा पावलं. म्हणजे फेरा काही चुकत नाही, जाताना नाही तर येताना. मग तीन महिने कशाला थांबू?”

तो फेरा नऊशे पावलांचा होता. हा आजार एक दिवस चालणंही नेणार, हे नीरजाने सांगितलं नाही. कमळजाबाईंनी विचारलंही नाही. बाकीच्या अकरा जणांना मात्र आजच्या आज फोन करा, एवढं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला त्यांनी घराला कडी घातली. फाटकात त्या क्षणभर थांबल्या. डावीकडे माईची खिडकी उघडी होती, आतलं खोकणंसुद्धा ऐकू येत होतं. त्यांनी पदर खोचला आणि त्या उजवीकडे चालू लागल्या.