दोरा मी बांधलाच नाही

तुम्ही खोटं छापलं, अध्यक्षसाहेब. नजरचूक झाली, घाईत राहून गेलं, असलं काही मी म्हणणार नाही. खोटं छापलं.

तुमच्या अहवालाचं अकरावं पान उघडा. 'शिबिराच्या प्रारंभी सर्व सेविकांनी स्वहस्ते कातलेल्या सुताचा दोरा सर्व सेवकांच्या मनगटी बांधून त्यांस बंधू मानिले.' सर्व सेविका, सर्व सेवक. या एका ओळीनं माझं लग्न अडवून ठेवलंय. निवृत्तीची आई म्हणते, छापलेलं खोटं कसं असंल? माझे बाबा म्हणतात, बहिणीचं भावाशी लग्न लावायचं का आम्ही? आणि तुम्ही आतल्या खोलीतून निरोप धाडता, छापलं ते छापलं.

तर मग ऐका काय झालं ते. सगळं सांगते. लाजायचं तेवढं लाजून झालंय माझं.

सन अडतीसचा उन्हाळा. मी मोगलाईतली, भोकरदन तालुक्यातली. तिथली शाळा उर्दूची. भावामागं बसून मी उर्दू शिकले, आणि मराठी शिकले वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. म्हणून माझं लिहिणं असं ओबडधोबड. चालवून घ्या, नाहीतर नका घेऊ. दीड वर्षापासून मी धाडला गोजरमावशीकडं राहते. माझ्या गावाहून धाड दिसायला जवळ, पण मधे नाका. शिपाई वेगळा, नाणं वेगळं, सरकार वेगळं. परमुलूखच तो. मावशीच्या आळीत अजून मला 'मोगलाईवाली' म्हणतात. तुमच्या मंडळाची दवंडी ऐकली, की उन्हाळ्यात तीन गावी शिबिरं, तरुण सेवक-सेविका पाहिजेत, तेव्हा सगळ्यात आधी नाव माझं होतं. गावं पाहायची होती मला. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच नव्हतं.

पहिलं शिबिर धाडलाच. नियम तुमचाच. पहिल्या दिवशी, झेंड्याच्या आधी, प्रत्येक मुलीनं स्वतःच्या कापसाचं सूत कातून हळदीत बुडवायचं आणि प्रत्येक मुलाच्या हाताला बांधायचं. मग तो 'भाऊ', ती 'ताई', आणि शिबिर पवित्र. मी कातायला कापसाचे पेळू आणायला बाबांकडं गेले. येताना नाक्यावर गफ्फार जमादारानं गाठोडं सोडलं.

"ये क्या है?"

"पेळू. टकळीवर कातायचे."

"रुई है. रुई का महसूल लगता है."

"सहा पेळू आहेत, चाचा! तुमच्या घरची एक वातसुद्धा धड व्हायची नाही यांच्यात."

"कायदा है, बेटी. साहब आएँगे, तब देखेंगे."

बसले मग. बाभळीच्या सावलीत, आणि ती सावली तरी कसली... चाळणीतून सांडल्यासारखी. ऊन डोक्यावर आलं. तेवढ्यात वऱ्हाडाच्या बाजूनं एक जण आला. खादीचा सदरा पाठीला चिकटलेला, टोपी हातात, आणि चेहरा असा की हसू दाबून ठेवलंय पण कुठं ठेवावं ते कळत नाही. आडव्या बांबूपाशी थांबला.

"शालूबाई तुमीच काय?"

"तुम्हाला काय करायचं?"

"मले अध्यक्षसाहेबानं पाठवलं. म्हने एक सेविका नाक्यावर अटकली, तिले सोडवून आन."

"मग सोडवा की."

त्यानं जमादाराकडं पाहिलं. "जमादारसाहेब, असं करा. पेळू तुमी ठेवा, बाई आमाले द्या."

"वा रे वा! माझे पेळू काय म्हणून ठेवायचे?"

"आता दोन्हीतून एकच भेटत असंल, त मी काय पेळू नेऊ?"

बोलला, आणि त्याचे कान लाल झाले. उन्हानं असतील... मी दुसरीकडं पाहिलं. जमादार मिशीत हसला आणि मटक्यातलं पाणी आधी त्याला दिलं. तो म्हणाला, "बाईले अगोदर." एवढंच. पण ते 'अगोदर' माझ्या मनात बसलं.

हे लक्षात ठेवा, अध्यक्षसाहेब. दोरे बांधणं चाललं होतं तेव्हा मी नाक्यावर होते आणि निवृत्तीही नाक्यावर होता. त्याला तुम्हीच पाठवलं होतंत. आम्ही पोचलो तोवर झेंडा वर गेलेला, सगळ्यांची मनगटं पिवळी, आणि माझे पेळू जमादाराच्या ताब्यात.

बाकीच्या चौघींनी निवृत्तीला दुसऱ्या दिवशी बांधले. पाचवी मी. मी म्हटलं, कोणी पेळू उसने द्या. तुमचे चिटणीस म्हणाले, "उसन्या सुताचा भाऊ चालत नाही. तुमचं सूत झालं म्हणजे बांधा." वर नियमाची वही दाखवली. वही होती ना? मग आज कुठं गेली?

बाजाराच्या दिवशी निवृत्तीनंच मला पेळू आणून दिले. शोषखड्डे खणत होतो आम्ही, हातांना फोड आलेले. त्यानं पेळू माझ्या पदरात टाकले.

"घ्या. काता."

"स्वतःच आणले? भाऊ व्हायची एवढी घाई?"

"हाव. लय घाई हाये." आणि कुदळ अशी मारली की खड्डा मंडळानं सांगितलेल्याच्या दुप्पट झाला.

ते पेळू कसले, सरकीचं गोदाम. दोन हात सूत निघालं की तुटायचं. पुन्हा जोडा, पुन्हा तुटायचं. येता-जाता तो विचारायचा, "तुटलं काय?"

"तुटलं."

"अरेरे!" आणि शीळ घालत निघून जायचा. अरेरे म्हणून कोणी शीळ घालतं का?

सगळे मला 'शालूताई' म्हणायचे. तो 'शालूबाई' म्हणायचा. तुमच्या चिटणीसांनी एकदा हटकलं, तर म्हणाला, "दोरा कुठं हाये अजून? नियम म्हनजे नियम."

धाडहून सर्व्हिस मोटारीनं आम्ही घाट उतरून शेगावला गेलो. मी पुढच्या बाकावरून गावं मोजत होते आणि तो मागच्या बाकावरून मला सांगत होता, हे अमुक, ते तमुक. निम्मी नावं त्यानं मनानं रचून सांगितली हे मला नंतर कळलं. शेगावात आमचं काम दर्शनाला येणाऱ्यांना पाणी द्यायचं. स्टेशनाबाहेर पाणपोई, ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वाळ्याचा वास. तिथं, चौथ्या दिवशी, माझं सूत पुरं झालं. सरकी वेचून वेचून, बोटं सोलून, एक अखंड दोरा. हळदीत बुडवला. वाळवला.

"झाला दोरा," मी म्हटलं.

त्याच्या हातातलं ओगराळं रांजणातच राहिलं.

"झाला?"

"झाला."

त्यानं हात सदऱ्याला पुसला. पुढं केला. मनगटावर चार दोरे, घामानं विटलेले, आणि त्यांच्याजवळ एवढीशी मोकळी जागा. तो माझ्याकडं पाहत नव्हता. रुळांकडं पाहत होता.

"बांधा."

मी दोरा काढला. टोक धरलं. त्याची शीर उडत होती तिथं... बोटाला कळलं. आणि माझा हात पुढं जाईना. काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आता सांगते. मला भाऊ नको होता.

"सूत कच्चं आहे अजून," मी म्हटलं आणि दोरा टकळीला गुंडाळला.

"एवढा पीळ देल्ला तरी कच्चं?"

"कच्चंच."

तो हळूच वळला. "मंग... किती दिवस कच्चं राह्यनार?"

"माझ्या हातचं सूत आहे. माझं मला कळतं."

"अहो, पाणी देता का सूतच पाहता?" रांगेतला एक म्हातारा ओरडला. निवृत्तीनं त्याच्या ओंजळीत एवढं पाणी ओतलं की बिचाऱ्याचं धोतर भिजलं.

तिसरं शिबिर वरवट बकालला. ते निवृत्तीचंच गाव. बायांना अक्षरं शिकवायची, आणि मला दोन्ही लिप्या येतात म्हणून मोमीन आळीतला वर्ग माझ्याकडं. वर्ग भरायचा अजीजुन्निसा खालाच्या अंगणात. खाला बांगड्या भरते. पन्नाशी उलटलेली, पण पाटी घेऊन सगळ्यांत पुढं बसायची. मी कागदांवर अक्षरं काढून द्यायची. ते कागद वाऱ्यानं उडायचे, कोंबड्या त्यांच्यावरून चालायच्या.

"बेटी, शिऊन दे ना याची किताब," खाला म्हणाली. "सुई माझ्याकडं हाये. धागा त तुझ्या डब्यात हाये. पिवळा."

मी डबा पदराखाली ओढला. निवृत्ती विहिरीत लाल दवा टाकून आला होता, दारात उभा.

"तो... तो दुसऱ्या कामाचा आहे, खाला."

"कोन्या कामाचा? शेगावापासून ठेवला म्हंते तू." तिनं माझा हात धरला, फिरवला, मग दारातल्या मनगटाकडं पाहिलं. "सारी उमर मनगटं पाह्यली म्या. ज्याले बांधाचा असते त्याले बाई पयल्याच दिशी बांधते. डब्यात ठेवत नाई. घे सुई."

मी सुई ओवली. दहा बायांच्या देखत, निवृत्तीच्या देखत, त्या दोऱ्यानं मी वही शिवली. शेवटची गाठ मारली. खालानं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "घ्या. झालं त्याचं काम."

बाया पांगल्या. तो निंबाखाली आला. पिकल्या निंबोळ्यांचा कडू-गोड वास, आणि दुपार अशी शांत की पान हललेलं ऐकू यावं.

"एक सांगू? रागावशीन नाई ना?" पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता.

"रागावण्यासारखं असेल तर रागावणार."

"बजारातले सगळ्यात खराब पेळू मीच निवडले होते. पिंजारी म्हने, भाऊ, हे त गादीतबी नाई चालत. मी म्हनलं, मले हेच पायजेत."

"म्हणजे माझी बोटं सोलली ती..."

"माह्यामुळं. हाव."

मी खूप रागावले. निंबोळ्या उचलून मारल्या त्याला, एक चुकली नाही. तो हसत उभा राहिला, आणि मग हसायचा थांबला. "मले तुझा भाऊ नाई व्हाचं, शालू. कधीच नव्हतं. त्या नाक्यावरबी नव्हतं."

"मला काय सांगता? मी वही शिवली ते दिसलं नाही का?"

हे एवढंच आमचं प्रेम, अध्यक्षसाहेब. हात धरला नाही, चिठ्ठी लिहिली नाही, तुमच्या एका नियमाला धक्का लावला नाही. निवृत्तीच्या आईनं, झुंबरबाईंनी, मला जेवू घातलं, कूळ विचारलं, आणि म्हणाल्या, "मोगलाईतली असली त काय झालं? भाकर त चांगली करते." बाबा नाका ओलांडून धाडला आले, सुपारी फोडायचं ठरलं.

मग श्रावणात तुमचा अहवाल आला. झुंबरबाईंनी तो मोठ्या कौतुकानं वाचून घेतला, पोराचं नाव आहे म्हणून. अकराव्या पानावर थांबल्या. "भाऊ म्हनून दोरा बांधला, अन् आता लगन? थू!" बाबांनी सुपारी फोडायचं थांबवलं. ते म्हणाले, तुळशीच्या लग्नापर्यंत हा डाग पुसला नाही तर नाक्यापलीकडचं कोणतंही स्थळ पाहून उरकून टाकीन.

निवृत्ती तुमच्याकडं आला. तुम्ही त्याला भेटला नाहीत. मी आले. तुम्ही आतल्या खोलीत होतात. खोकला ऐकू येत होता. चिटणीस बाहेर आले आणि काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "शालूताई, वरती पाठवलेला कागद बदलता येत नाही. त्यापेक्षा तुम्ही आता बांधून टाका. म्हणजे अहवाल खरा होईल."

अहवाल खरा व्हावा म्हणून मी माझं माणूस भाऊ करू? तुमची एक ओळ सरळ राहावी म्हणून माझा जन्म वाकडा करू? बायांना अक्षरं शिकवा म्हणालात, छापलेलं वाचायला शिकवा म्हणालात. शिकवलं मी. छापलेलं खोटंही असतं, हे कोण शिकवणार त्यांना?

या पत्रासोबत ती वही पाठवतेय. अजीजुन्निसा खालानं स्वतः होऊन दिली. वर तिचं नाव आहे, तिच्याच हातचं, वाकडं पण खरं. वहीच्या पाठीवरचा दोरा पाहा. पिवळा, गाठाळ, सरकीचे डाग असलेला. तोच माझ्या हातचा त्या उन्हाळ्यातला एकुलता एक दोरा. दुसरा मी कातला नाही, कोणत्याच सेवकाला बांधला नाही. हवं तर चौघी सेविकांना विचारा. नाक्यावर गफ्फार जमादाराला विचारा, माझे सहा पेळू अजून त्याच्या फळीवर आहेत.

खालानं हिरवा चुडा बाजूला काढून ठेवलाय. माझ्या मनगटाचं माप तिला पाठ आहे. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं. माझा दोरा या वहीत आहे, तर निवृत्तीच्या मनगटावर मी काय बांधलं? तुम्ही तिथं होतात, सगळं पाहत होतात. अध्यक्ष म्हणून सही करून लिहा, मी त्याला दोरा बांधला का? हो की नाही?