भाऊजींचं विमान

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या दुपारी मी ताईच्याच स्वयंपाकघरात होतो. बातम्या लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. खात्री केल्याशिवाय मी ओळही छापत नाही.

या गोष्टीत खात्री करूनही काही हाती लागलेलं नाही.

भाऊजी छोटं विमान चालवायचे. एकच पायलट, मागे पार्सलं. डोंगरापलीकडच्या विमानतळावरून ताईच्या गावच्या विमानतळावर. रस्त्याने पाच तास, हवेतून चाळीस मिनिटं. उतरण्याआधी विमान घरावरून जायचं. तेव्हा ते इंजिनचा आवाज एकदा कमी करून पुन्हा वाढवायचे.

"लोक बेल वाजवतात," ताई म्हणायची, "आमच्याकडे विमान वाजतं."

त्या दिवशी पावणेतीनला त्यांचा फोन आला. ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून मी घेतला.

"निघतोय. आणि मेहुणे, माझ्या वाटणीची बिस्किटं ठेवा. मागच्या वेळी पुडा फस्त केलात."

ताईला मी फक्त "निघाले" एवढंच सांगितलं.

तीन पंचवीसला आवाज आला.

कमी झाला... पुन्हा वाढला.

"आले हे," म्हणत ताईने चहा टाकला.

चहाला उकळी आली तेव्हा विमानतळावरून फोन आला. विमानाशी संपर्क तुटला होता.

"अहो, आत्ताच घरावरून गेलं की," ताई हसली.



"मॅडम, विमान डोंगरापलीकडेच असताना संपर्क तुटलाय. इकडे काही आलेलंच नाही."

पंधरा दिवस शोध चालला. ना विमान मिळालं, ना भाऊजी. त्या मार्गावरची सेवाच बंद झाली.

तरीही रोज तीन पंचवीसला...

मी गच्चीवर उभा राहून पाहिलं. आवाज डोक्यावरून गेला. आभाळ रिकामं.

दोरीवरचे कपडे मात्र फडफडले.

आवाज रोज थोडा खालून जाऊ लागला. कपाटातल्या कपबश्या थरथरायला लागल्या. शेवटी मी ताईला माझ्या घरी आणलं. दिवसभराचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घड्याळाकडे बघत बसलो होतो. तीन पंचवीस झाले. काही नाही. चार वाजले. काही नाही.

"सुटलीस बघ," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला.

चार पस्तीसला...

कमी झाला... पुन्हा वाढला.

मी नकाशावर अंतर मोजलं. तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंत, त्या विमानाच्या वेगाने, सत्तर मिनिटं लागतात.

"शोधत आले बिचारे," ताई म्हणाली. "तेल किती उरलं असेल रे?"



रात्री तिने गच्चीवरच्या दोऱ्या सोडल्या. सकाळी मला टीव्हीची डिश काढायला लावली.

"उतरायला जागा नको का?"

"ताई, असं कुणी उतरत नसतं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

मी डिश काढली. दुसरं काय करणार होतो?

त्या दुपारी ती एकटीच वर गेली. मी जिन्यात उभा होतो. चार पस्तीसला आवाज आला.

कमी झाला...

मी वाट पाहत राहिलो.

वाढला नाही.

दार ढकललं, तर पलीकडून कडी. बऱ्याच वेळाने ती काढली गेली. ताई खाली आली, केस विस्कटलेले. सरळ ओट्याशी जाऊन तिने चहा टाकला. तीन कप मांडले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारतायत, बिस्किटं ठेवलीस का."