हौदातली ड्युटी

राजधानी दाखवणं हा माझा धंदा. बावीस वर्षं तेच करतोय. सकाळी नऊला बस निघते. विजय कमानीला वळसा, नदीवरचा जुना पूल, घंटाघर, मग बाजारचौकाखालचा हौद आणि शेवटी संसद भवन. घंटाघराला पायऱ्या किती, पूल किती वेळा वाहून गेला, झोपेतून उठवून विचारा, सांगेन. माझी थोरली बहीण मला लहानपणापासून पोपट म्हणायची. पुढे मी पोपटपंचीवरच पोट भरलं, त्याला ती काय करणार!

आई लवकर गेली. मला वाढवलं ते ताईनं. बाळंतपणाच्या वॉर्डात ती छत्तीस वर्षं नर्स होती, त्यामुळे आमच्या घरात तिच्या ड्युटीप्रमाणे चूल पेटायची. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. इतकी वर्षं परक्या लोकांना शहर दाखवलं आणि सख्ख्या बहिणीला एकदाही नाही, याची मला मनातून लाज वाटत होती. म्हणून एका मंगळवारी तिला बसमध्ये बसवलं, मागून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. तिला धरून एकोणीस प्रवासी होते.

हौदाचं आधी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. बाजारचौकाच्या पोटात हा जुना पाण्याचा हौद आहे. दगडी खांबांच्या रांगा, गुडघाभर पाणी, कडेनं रुंद ओटे. शहराला वेढा पडला तेव्हा बाजारातली तीनशे माणसं त्यात लपली होती. दारवानानं एकेक मोजून आत सोडलं. वरती आग लागली, तेव्हा तितकीच मोजून बाहेर काढली, तीनशे भरली, आणि दार लावून अडसर घालून तो त्यांच्याबरोबर नदीपार पळाला. हिशेब चोख होता. फक्त त्या मुक्कामात आत दोन पोरं जन्मली होती, तीही त्या तीनशेत मोजली गेली. म्हणजे दोघी आत राहिल्या. तिसरी बाळंतीण, जी अजून मोकळी झाली नव्हती, आणि तिच्यापाशी बसलेली सुईण. बारा दिवसांनी लोक परतले, दार उघडलं. आत कोणी सापडलं नाही.

हे खरं किती आणि खोटं किती, मला ठाऊक नाही. माझ्या आधीच्या मास्तर-गाइडनं मला असंच शिकवलं. आणखी एक शिकवलं होतं. हौदातून बाहेर पडताना शेवटची पायरी फार उंच आहे आणि तिथला दिवा मिणमिणता. तेव्हा गाइड वर उभा राहून प्रत्येकाला हात देतो आणि हात मोजतो. मास्तर म्हणायचे, हाताबरोबर तोंडही बघत जा. पहिली दोन-तीन वर्षं बघितलं. मग कंटाळा आला. माणसं तीच, जातील कुठं?

त्या दिवशी मी हौदात नेहमीची गोष्ट सांगितली आणि नेहमीसारखा थोडा मसाला घातला. म्हटलं, "सुईण घाबरली, त्या बाईला तिथंच टाकून दाराकडे धावली, नखांनी दार ओरबाडत राहिली."

"काहीतरीच!" मागून ताईचा आवाज आला. "बाई अडलेली असताना कुठली सुईण पळेल रे? उचलली जीभ, लावली टाळ्याला."

सगळे हसले. मला लागलं. मी म्हटलं, "ताई, हा तुझा वॉर्ड नाही. माझं काम मला करू दे."

तिचा चेहरा उतरला. ती मागे मागे राहिली. मीही हट्टानं वळून बघितलं नाही. बाहेर पडताना एकोणीस हात मोजले, दाराला कुलूप घातलं, किल्ली तिकीटवाल्याकडे दिली.

बसमध्ये डोकी एकोणीस. मागून दुसऱ्या रांगेत खिडकीकडे तोंड करून ती बसलेली. मनात म्हटलं, रुसलीय, बसू दे. संध्याकाळी समजूत काढू.

संसद भवनापाशी सगळे उतरले, मी बसच्या पुढच्या दारापाशी भवनाचा इतिहास सांगत होतो. मोजले तर अठरा. बसमध्ये चढून बघितलं, तर ताईची पिशवी सीटवर होती. सीट चिंब ओली होती.

"ताई कुठं गेली?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"तुझी ताई कुठं होती? मागून दुसऱ्या रांगेतली बाई मागच्या दारानं सगळ्यांच्या आधी उतरली. ती तुझी बहीण नव्हे. ही अगदी खंगलेली होती. रस्त्याच्या कडेला बराच वेळ गाड्या बघत उभी राहिली, मग गर्दीत गेली. मला वाटलं तुमच्यातलीच कोणीतरी असेल..."

मी प्रवाशांना त्याच्या हवाली केलं आणि टॅक्सी करून मागे पळालो. तिकीटवाल्यानं दार उघडलं, दिवे लावले. मी पायऱ्यांवरूनच ओरडलो, "ताई!"

"ओरडू नकोस," लांबून उत्तर आलं, वॉर्डात बोलायची तशा दबक्या आवाजात. "आत्ता कुठं जरा डोळा लागलाय तिचा."

ती अगदी शेवटच्या ओट्यावर बसली होती. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. अंगावरची शाल दगडावर अंथरली होती. शालीवर कोणी नव्हतं. पाण्याचा कुबट वास नेहमीचाच होता, पण तिथं, त्या ओट्यापाशी, मला ताज्या रक्ताचा वास आला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

"ताई, चुकलं माझं. चल घरी."

"एवढ्यात कशी येऊ? पहिलटकरीण आहे. त्या सुईणबाई किती थकल्या होत्या रे... मला म्हणाल्या, तू जाणती दिसतेस, बरं झालं आलीस, आता मी जाते. चार्ज घेतलाय मी."

"इथं कोणी नाहीये, ताई..."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी वॉर्डात मध्येच घुसलेल्या नवऱ्यांकडे टाकत असेल. मी रडायला लागलो. पन्नाशीचा माणूस, तिकीटवाल्यासमोर भोकाड पसरून रडलो. म्हणून ती उठली. माझं रडणं तिला कधीच बघवलं नाही.

घरी आली खरी, पण जीव तिथंच होता. जेवताना घड्याळ बघायची. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, म्हणाले, धक्का बसलाय, विश्रांती द्या. ती आपली एकच विचारायची, "तिथं आत्ता कोण आहे रे?"

"कोणी नाही, ताई."

"तेच म्हणते मी. छत्तीस वर्षांत पुढची बाई आल्याशिवाय मी वॉर्ड सोडला नाही. घरी तू तापानं फणफणलेला होतास तेव्हासुद्धा नाही. आणि आता तू मला हाताला धरून उठवून आणलंस."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं बोलली.

शुक्रवारी सकाळी मी उठलो तर तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर. चपला नव्हत्या. मी अनवाणीच धावत चौकात गेलो. हौदाला कुलूप होतं, तिकीटवाला शपथेवर सांगत होता की किल्ली त्याच्या गळ्यात होती. दार उघडून कोपरान् कोपरा बघितला. पोलीस आले. तीन दिवस पंप लावून पाणी उपसलं. तळाशी जुनी नाणी निघाली, प्रवाशांच्या टोप्या निघाल्या. ताई काही निघाली नाही.

लोक विचारतात, यानंतर तिथं पाय कसा ठेवतोस? कसा ठेवू नको, सांगा. माझी बहीण आहे ती.

दीड महिन्यानं एक जोडपं आलं होतं, बाईला सातवा महिना. आत तिला घेरी आली, थोडा वेळ मागेच बसली. नवऱ्यानं वर आणली तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही आत नर्स ठेवलीय हे फार चांगलं केलंत हो. पाठ चोळून दिली, पाणी पीत नाहीस म्हणून रागावल्या. फक्त एक गंमत वाटली. मला विचारत होत्या, तुला बाळंतपण करता येतं का म्हणून."

नवरा हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग तिकीटखिडकीच्या मागे जाऊन बसलो. ताईला काय हवंय ते मला कळलं होतं. चार्ज घ्यायला कोणीतरी आलं की ती सुटणार होती.

तेव्हापासून हौदाच्या दारात प्रत्येक गटाला मी विचारतो, "तुमच्यात कोणी नर्स आहे का? सुईण, डॉक्टर, कोणी?" प्रवाशांना वाटतं, सुरक्षिततेसाठी विचारतो. कंपनीनं त्यासाठी माझं कौतुकसुद्धा केलं. सगळ्यांसमोर शाबासकी घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी हात वर केलाच, तर काय करणार हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण विचारायचं सोडवत नव्हतं. दहा महिने कोणाचा हात वर झाला नाही.

आज झाला. पंचविशीची पोरगी, गालावर खळी. "मी आहे की, प्रसूती विभागात," म्हणाली. "पण काका, सुट्टीवर आलेय हं, कामाला लावू नका!"

तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता, तिच्या पर्सचा पट्टा धरून चालणारा. मी दोघांकडे बघत उभा राहिलो. किती वेळ, देव जाणे. मग म्हटलं, "आज हौद बंद आहे, आत दिवे गेलेत. तुम्ही सगळे घंटाघराच्या गच्चीवर जा, तिथून शहर फार छान दिसतं."

कुरकुर करत गेले सगळे. मी कुलूप घालायला दार ओढलं, तेव्हा आतून, अगदी दाराच्या पलीकडून, आवाज आला.

"पोपट... कोण होती रे ती?"

माझे हात कुलपावरच राहिले. आवाज फार थकलेला होता. सलग तीन ड्युट्या करून पहाटे घरी यायची, तेव्हाही इतका थकलेला नसायचा.

"कोणी नाही, ताई," मी खोटं बोललो.

 मग म्हणाली, "बरं. उद्या बघ हं, बाळा."

उद्या रविवार आहे. तीन बसेस आहेत.