बायकांच्या बाजूने

सायखेड्याच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजला माझा सिनेमा लागलाय हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. माझा म्हणजे काय, पंचविशीत मी त्यात म्हाताऱ्याचं काम केलं होतं. कापसाची दाढी, गालांवर डिंकाच्या सुरकुत्या. म्हातारा हॅटवाल्या गुप्तहेराकडे येतो आणि म्हणतो, "माझी उमेदीची वर्षं चोरीला गेलीत. चोर शोधा." लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे मला म्हाताऱ्याशिवाय दुसरं काम कुणी दिलंच नाही. हरामखोर! माझं सगळं तारुण्य त्या कापसात गेलं. मग खरीखुरी पांढरी दाढी आली, तेव्हा कुणी दारात उभं करेना.

"मी कुठे पाहिलाय तो? एकदा बघू तरी," विमल म्हणाली. सिनेमा आमच्या लग्नाआधीचा. जत्रेला गेलो ते ब्याऐंशी साल होतं. नाशिकहून दुपारच्या एसटीने आम्ही गेलो.

तंबूत पडदा मधोमध बांधलेला. पुढून पुरुष बघणार, मागून बायका. त्यांना सगळं उलटं दिसतं, पण कुणी तक्रार करत नाही. विमल मागे गेली.

पडद्यावर म्हातारा आला. डिंक कुठेच दिसेना. कपाळावर मात्र ताजी खोक होती. मी माझं कपाळ चाचपलं. सकाळीच मोरीच्या दारावर आपटलो होतो.

रीळ बदलायला दिवे लावले. विमल खांबापाशी आली, चक्क लाजत.

"अहो, किती देखणे होता तुम्ही! काळेभोर केस, दाढी नाही की काही नाही."

"दाढी नाही? वेड लागलंय का तुला?"

"आमच्या बाजूने तरी नाही," म्हणत ती लगबगीने परत गेली.

दिवे गेले तसा मीही पडद्यामागे घुसलो.

"ओ बाबा, हिकडं बाया हायेत!" कुणीतरी ओरडलं.

पडद्यावर खुर्चीत मी होतो. पंचविशीतला.

"चोर कोण?" गुप्तहेराने विचारलं.

खुर्चीतल्या त्या तरुणाने बोट उचललं. सरळ माझ्याकडे.

"मी चोर?" मी किंचाळलो. "चोर तू! माझी वर्षं टाक परत!"

तो हसला, उठला आणि पडद्याच्या कडेने बाहेर गेला. रिकाम्या खुर्चीवरच सिनेमा संपला.

बाहेर विमल दिसली. तिने पदर सावरला.

"बाबा, आमचे हे दिसले का कुठे? काळेभोर केस आहेत त्यांचे."

"विमल, अगं मीच तो!" मी तिचा हात धरला. तिने हिसडा देऊन सोडवला.

"विमल, चल, गाडी सुटेल," मागून हाक आली. आवाज माझाच होता, तरणा.

एसटी हलली. खिडकीत तिचं पांढरं डोकं होतं, त्याला टेकलेलं एक काळं. मी पत्र्यावर मुठी आपटल्या, शिव्या घातल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

संतापाने मी स्वतःचीच दाढी ओढली. मूठभर कापूस हातात आला. पुन्हा ओढली. पुन्हा कापूस. हनुवटी काही लागेना.