हिन्नर्कची फुंकर

दिवा जरा इकडे सरकवा, सांगतो. फिल्टरच्या मातीच्या कँडल विकण्यात माझी हयात गेली. हॅम्बुर्गात कॉलरा येऊन गेल्यावर तर गिऱ्हाईक उजाडायच्या आत दारात. त्याच हिवाळ्यात एका दुपारी प्रोफेसर ब्रांडहोर्स्टच्या प्रयोगशाळेत मालाची पेटी पोचवायला गेलो. रोगाचे जंतू बारीक गाळणीतून पार होतात का, हा त्यांचा अभ्यास.

जिन्याखालच्या खोलीत मेटा बसली होती. तिचा नवरा हिन्नर्क, प्रयोगशाळेतला गडी, नुकताच कॉलऱ्यानं गेलेला.

"साहेब म्हणतात, ह्यांनी कँडल तपासलीच नाही, तडकलेली लावली. उद्या चौकशीत तसंच सांगणार. मग ही खोलीही गेली, टीमानसाहेब."

माझं डोकं फिरलं. अहो, हिन्नर्क प्रत्येक कँडल पाण्यात बुडवून नळीनं फुंकायचा. तडा असला की तिथून बुडबुडे. "तुमचा माल माझ्या छातीला घाबरतो," म्हणायचा, आणि हसला की वरच्या दातांतली खिंड दिसायची.

वर गेलो. खिडक्यांना धुकं चिकटलेलं, कार्बोलिकचा वास घशात बसणारा.

"पेटी ठेवा," प्रोफेसर म्हणाले.

"आधी ती कँडल दाखवा."

"आता दुकानदार विज्ञान शिकवणार?"

"विज्ञान तुमचं. माल माझा."

चडफडत त्यांनी ती कपाटातून काढली. मी पेटीतली कोरी रबरी नळी जोडली, कँडल पाण्यात बुडवली, जीव खाऊन फुंकलं. एक बुडबुडा नाही.

"अखंड आहे. तुम्ही बर्लिनला गेलात, तेव्हा ही उतरवून उकळायला ठेवली होती?"

"नाही. हात लावू नकोस, असं हिन्नर्कला बजावलं होतं."

"घरोघरच्या बायकांना मी सांगतो, रोज उकळा. नाहीतर जंतू मातीतच वाढत पलीकडे निघतात, पावात बुरशी उतरते तसे. आणि आल्यावर त्याला म्हणालात, कॉलऱ्याचं पाणी आता गाळलेलं आहे, तोंडानं ओढून घे काचेच्या नळीत?"

"सगळेच ओढतात." ते खिडकीकडे वळले. "चौकशीत मी तडाच सांगणार. मेलेल्याचं काय जातं?"

तेवढ्यात पाणी बुडबुडलं.

नळीचं टोक टेबलावर मोकळं पडलेलं. तरी कँडलच्या सगळ्या अंगातून मोहरीएवढे बुडबुडे निघत होते. थांबले... कुणीतरी दम घेतला असावा तसे. पुन्हा सुरू.

"तुम्ही... फुंकताय?"

"माझं तोंड तुमच्याशी बोलतंय, प्रोफेसरसाहेब."

त्यांनी नळीला करकचून गाठ मारली. बुडबुडे वाढले. भांडं टेबलावर थरथरू लागलं.

"सांगा त्याला," मी म्हणालो. "उद्या काय सांगणार ते."

"मीच... लावून ठेवली होती. ओढायलाही मीच सांगितलं."

पाणी शांत झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीत तेच सांगितलं. मेटाची खोली राहिली.

नळी मात्र मी घेऊन आलो. गाठीपलीकडचं टोक तेव्हा उबदार होतं, ओलंही. त्या कोऱ्या रबरावर दातांचे वळ उठलेत, आणि वरच्या ओळीत मधोमध खिंड आहे. माझे सगळे दात शाबूत आहेत, हे बघा.

आणि नळीला हात लावून बघा. अजून ऊब आहे.