काळ्या पेटीतला पंखा

"उतरा! सगळे उतरा!" वासुदेवमामा कडाडला. बन्नेरघट्ट्याच्या जंगलातले वाघ बघायला निघालेली त्याची परदेशी गाडी बनशंकरीच्या रस्त्यावर पुन्हा बंद पडली होती. दसऱ्यातली गाडीची आयुधपूजा झाल्यापासून तिला हेच वेड लागलं होतं!

"रघुअण्णा, आता पुरे! मेकॅनिक म्हणतो, गाडीचा कॉम्प्युटर गेला. तुम्हीच वायरींत हात घातला असणार. गाडी घरी लावा आणि उद्यापासून येऊ नका!"

एवढं बोलून मामा ऑटोत बसला आणि आपल्या दुकानाकडे गेला. ड्रायव्हर रघुअण्णा मान खाली घालून उभे राहिले.

मामाची भाची सिद्धी अण्णांजवळ जाऊन उभी राहिली. सायकल शिकताना तिच्यामागे धावणारे अण्णा, ती तापाने फणफणली तेव्हा दवाखान्यात रात्रभर बसलेले अण्णा! तिच्या मनातल्या हिशेबात अण्णांच्या बाजूला जमाच जमा होती. मामाच्या बाजूला काय? नुसती गाडीची बढाई!

थोड्या वेळाने गाडी आपोआप सुरू झाली.

"थंड झाली बहुतेक," मामाची मुलगी उल्का म्हणाली.

"पण तापमानाचा काटा तर मधेच होता! इंजिन तापलंच नव्हतं," सिद्धी म्हणाली. "मग थंड काय झालं?"

बसवनगुडीत घरी पोचताच तिन्ही मुलांनी बॉनेटखाली डोकी घातली. मागे, काचेजवळ एक काळी पेटी होती.

"हाच कॉम्प्युटर!" यंदाच पुण्याहून इथे राहायला आलेला मावसभाऊ सुशांत म्हणाला. "पप्पांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कूलिंग फॅन असतो. तो थांबला की मशीन हँग!"

"पुणेकरांना सगळंच माहीत!" उल्काने नाक मुरडलं.

"गप्प बसा!" सिद्धीने पेटीला कान लावला. "अण्णा, चावी फिरवा बरं... अं हं! पंखा फिरल्याचा आवाज नाही!"

"नको ग बाळ, मालक आणखी चिडतील."

"आमची नावं सांगा! पंख्याला सरळ बॅटरीवरून तार जोडता येईल?"

अण्णांनी चावी काढली, पंख्याचं कनेक्शन सोडवलं आणि दोन तारा टेकवल्या. पेटीतून आवाज आला, "घुंऽऽ!"

"मोटर जिवंत आहे!" सुशांत ओरडला. "पाती अडकलीत!"

झाकण काढलं, तर पात्यांत शेवंतीच्या पाकळ्या! हळदीकुंकवाच्या चिखलात थापून अगदी घट्ट बसलेल्या!

उल्काचा चेहरा पडला. "माझ्या अप्पांनी यंदा पूजेची माळ गाडीला बांधली नाही. काचेखालच्या फटींत खोचली, वरून हळदीकुंकवाचं पाणी ओतलं. आणि गांधी बाजारात सगळ्यांनी बघावी म्हणून गाडी तशीच मिरवली!"

"मी म्हटलं होतं, स्वल्प, जरा जपून," अण्णा पुटपुटले.

"मग मघाशी का नाही बोललात?" सिद्धीने विचारलं.

"त्यांनी भक्तीने केलं होतं ग. देवाच्या कामात खोट कशी काढू?"

अण्णा पाकळ्या उपसायला वाकले, तशी सिद्धी ओरडली, "थांबा! आधी मामाला बघू दे!"

मामा जेवायला घरी आला तेव्हा इंजिन चालू होतं. बॉनेट उघडं होतं आणि सुशांत व उल्का परीक्षेच्या पॅडांनी पेटीला वारा घालत होते!

"हा काय खेळ चाललाय?"

"गाडीला उकडतंय, मामा! तू निवांत जेवून ये."

मामा जेवला, विडासुद्धा खाल्ला. गाडी चालूच!

"आता थांबवा!" सिद्धीने हुकूम सोडला. पॅड खाली आले. काही वेळाने गाडी आचका देऊन बंद पडली!

सिद्धीने मामाचं बोट धरून पंख्यावर नेलं. मामाने एक पाकळी उचलली. कुठली ते त्याला सांगावं लागलं नाही.

"फुलं देवाचीच आहेत, मालक," अण्णा हळूच म्हणाले. "जागा तेवढी चुकली."

"माझी अक्कल चुकली, अण्णा. आणि तोंडही." मामाने पाकळी खिशात ठेवली. "उद्या... याल ना?"

"सरी, बरं, येतो की!"

"आणि तुम्ही तिघं! मोठमोठ्या मेकॅनिकांना जमलं नाही ते पोरांनी शोधलं! शाबास! तुमच्यामुळे माझ्या हातून मोठं पाप टळलं."

अण्णांनी सिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे उपकार कसे फेडू ग?"

"थँक्यू, अण्णा," सिद्धीच म्हणाली.

"मला? मला कशाबद्दल?"

"बरंच साठलंय," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला पटकन बॉनेटखाली वाकली.