हॉटेलची टेप, बी साइड

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

या पेजवर बहुतेक जण अमावास्येपासून सुरुवात करतात. माझ्याकडे अमावास्या नाही, स्मशान नाही. बुधवार होता, १४ ऑक्टोबर १९९८. सकाळी दहा ते दुपारी एकच्या मधली वेळ. जागा बिरवाडी, महाड एमआयडीसीला लागून असलेलं गाव, बनुबाईंच्या चाळीतली शेवटची खोली. यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर जरा बरं काहीतरी रचलं असतं.

माझं नाव अश्वजित. गाव पोलादपूरजवळ. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो आणि हेवी मेटलच्या नादाने पुरता वाया गेलो होतो. हे आमच्या आईचं मत. शेजाऱ्यांचं मत याहून वाईट होतं. माझ्या टेपरेकॉर्डरमधून माणूस किंचाळायला लागला की बनुबाई अंगणातून म्हणायच्या, "झाला सुरू ह्याचा ठणाणा."

मला त्याचं काही वाटायचं नाही.

आम्हा वेड्यांचा एक देव होता. परदेशातला गिटारवाला, तरुणपणीच गेलेला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकानात मिळणाऱ्या त्याच्या सगळ्या कॅसेट माझ्याकडे होत्या, पण खरी चीज दुकानात मिळत नव्हती. कधीतरी तो बर्फामुळे एका हॉटेलच्या खोलीत तीन दिवस अडकला होता म्हणे. सोबत ना बँड, ना कुणी माणूस. त्याने एकट्याने दीड तास गिटार वाजवली आणि ती साध्या टेपवर भरून ठेवली. बाजारात ती कधी आलीच नाही. चोरून केलेल्या कॉपीच्या कॉपी पोस्टाने फिरायच्या. आम्ही तिला 'हॉटेलची टेप' म्हणायचो.

आमच्यापैकी कुणाकडेच दोन कॅसेटवाला डेक नव्हता. मग काय करायचो, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचो. एक वाजवतो, दुसरा ऐकून भरून घेतो. तेवढा वेळ दार-खिडकी बंद ठेवायची आणि खोलीत कुणी बोलायचं नाही. तरी पंखा, कोंबडा, कुणाचं खोकणं असं काही ना काही आत शिरायचंच. नियम एकच होता, कॉपी झाली की कव्हरच्या आत आधीची नावं उतरवायची आणि त्यांच्या खाली आपलं गाव आणि तारीख लिहायची.

मंगळवारी ती टेप माझ्याकडे आली. कोल्हापूरच्या एका मित्राने पाठवली होती, आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर. सोबत चिठ्ठी होती. 'बी साइडला मधेच कुणीतरी ड्रम वाजवतंय. बँड नव्हता म्हणतात, मग हा कोण? पण भारी वाटतं ऐकायला.'

मी कव्हर उलटून पाहिलं. सगळ्यात खाली कोल्हापूर. त्याच्या वर मडगाव. आणि त्याच्या वर...

बिरवाडी, १२-१०-९५.

माझा विश्वासच बसेना. बिरवाडीत असलं ऐकणारा मीच एकटा, असं मला वाटत होतं.

"सुधीर, इथं आणखी कोण हाय रे असलं ऐकणारं?" मी रूम पार्टनरला विचारलं.

सुधीर माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मेंटेनन्सला फिटर, डोंगरावरच्या वाडीतला, अबोल माणूस. त्या खोलीत तो चौऱ्याण्णवपासून राहत होता. त्याने कव्हर हातात घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

"पाठवून दे ती परत," तो म्हणाला. मग ताटावरून उठला. भात तसाच राहिला होता.

मला वाटलं, याला माझं वेड पसंत नाही.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. आतून कडी लावली तर दारावर थापा पडत राहतात, कधी भाजीवाली, कधी भंगारवाला, कधी पाव्हणा. म्हणून खोलीतला दुसरा माणूस कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. कुलूप दिसलं की फेरीवाला पुढे जातो. चाळीत मात्र सगळ्यांना ठाऊक असायचं, कुलूप आहे म्हणजे आत माणूस झोपलाय, उठवू नका. मोरी खोलीतच असायची, त्यामुळे अडत नव्हतं काही.

सगळी चाळ असंच करायची. फक्त सुधीर कधी करायचा नाही. मी कितीदा विनवलं असेल. "मला सवय नाय," एवढंच म्हणायचा.

बुधवारी सकाळी मी रात्रपाळीहून आलो. सुधीर आठला गेला. कॉपी आजच करायची होती आणि मला एकही थाप नको होती. म्हणून मी शेजारच्या शकूताईंना कुलूप दिलं. त्या चाळीत नवीन होत्या, अंगणवाडीत कामाला जायच्या.

"बाहेरून लावा आणि चावी घेऊन जा. दुपारी जेवायला आलात की उघडा."

"एकला येईन हां मी," त्या म्हणाल्या.

कुलूप खट्‌कन लागलं. मला बरं वाटलं, हे आठवलं की आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

खिडकीला उजेड नको म्हणून प्लायवूड ठोकलेलं होतं. दाराखालच्या फटीतून तेवढी उजेडाची एक पट्टी आत यायची. लाइटचा भरवसा नाही म्हणून मी दोन्ही टेपरेकॉर्डर सेलवर लावले. ए साइड झाली. गिटार तर अशी, की अंगावर काटा यावा. मागे पंख्याची खटखट येत होती. खट... खट-खट. मी म्हटलं, आमच्याच पंख्याची असणार.

बी साइड लावली आणि चटईवर आडवा झालो.

दहा मिनिटं झाली असतील, लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

आणि खटखट...

चालूच राहिली.

खट... खट-खट. टेपमधून. आमच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, त्याचा ताल मी झोपेतही ओळखला असता. तो आवाज टेपमध्ये आधीपासून होता. कोल्हापूरहून आलेल्या टेपमध्ये.

मी उठून बसलो.

मग भोंगा वाजला. कंपनीचा बाराचा भोंगा. मी घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते.

तोही टेपमधूनच.

आता मला कळलं. पंच्याण्णव साली ही कॉपी याच खोलीत झाली होती. इथेच, या चटईच्या जागी, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून. मला खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. आपल्यासारखा एक वेडा इथे राहून गेला होता.

तेवढ्यात मित्राच्या चिठ्ठीतला ड्रम सुरू झाला.

धप. धप-धप.

तो ड्रम नव्हता. कुणीतरी दार ठोकत होतं. आतून.

"सुधीर..." गिटारच्या मागून आवाज आला. तरुण पोराचा. "सुधीर, उघड रे. कायतरी चावलंय मला."

धप-धप-धप.

"कुणी हाय काय? कुलूप काढा गो..."

जीभ जड झाल्यासारखा आवाज होता तो. शब्द एकमेकांना चिकटत होते. ठोकणंही हळूहळू खाली येत चाललं होतं. आधी उभ्या माणसाचं, मग बसलेल्याचं, मग...

आणि टेपमध्येच, दाराबाहेरून, बाईचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता.

"झाला सुरू ह्याचा ठणाणा."

चपला फटफट करत लांब गेल्या.

मी वाजणारा टेपरेकॉर्डर बंद केला. दुसऱ्याकडे लक्षही गेलं नाही, तो भरतच राहिला.

खोली एकदम शांत झाली.

पंखा नाही. गिटार नाही.

आणि मग...

धप.

दारावर. आतून. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

मी खोलीच्या मध्ये उभा होतो. दाराजवळ कुणी नव्हतं. मी फटीकडे पाहिलं. उजेडाची पट्टी मधूनच तुटलेली होती. डावीकडे थोडा उजेड, उजवीकडे थोडा उजेड आणि मधे काळोख. दाराला लागून कुणीतरी आडवं पडल्यावर दिसेल तसं.

बाहेरून काही आडवं पडलं असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात पुन्हा वाजलं. धप. दाराची फळी बाहेरच्या बाजूला हलली.

मी ओरडलो. आईला हाक मारली, बनुबाईंना मारली, शकूताईंना मारली. दाराकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून खिडकीचं प्लायवूड दोन्ही हातांनी बडवलं. आणि पाय जमिनीवर ठेवायचीही भीती. ज्याला काहीतरी चावलं होतं, ते अंधारात अजून इथेच असलं तर? मी ट्रंकेवर चढलो आणि तिथून किंचाळत राहिलो.

शेवटी बाहेर पावलं वाजली. चपलांची फटफट. मला रडू फुटलं.

"बनुबाई, वाचवा. दार तोडा. टेप नाय, मी हाय, मी."

पावलं थांबली.

"झाला सुरू ह्याचा ठणाणा," बनुबाई म्हणाल्या. आणि निघून गेल्या.

तेव्हा मला खरी भीती कळली. भुताची नव्हे. मी कितीही ओरडलो तरी ते गाणंच ठरणार होतं. ही सवय मीच लावली होती चाळीला. आणि माझ्या आधी त्याने.

एक वाजायला दोन तास होते. धपधप थांबत नव्हती, पण अशक्त होत चालली होती. ती थांबली की काय होईल, हे मला बघायचं नव्हतं.

आवाजाने माणूस येणार नव्हता. मग काय केल्यावर येईल?

पाणी.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. घागरभर सांडलं तरी बनुबाई दिवसभर बोलायच्या. पिंप दारापासून दोन हातांवर होतं, आदल्याच दिवशी भरलेलं. त्याच्यापर्यंत मी कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. डोळे मिटून गेलो. खांदा लावला आणि पिंप आडवं केलं.

पाणी दाराकडे धावलं. मी डोळे उघडले.

पाणी सरळ फटीतून बाहेर गेलं नाही. मधे ते फाटलं. काहीतरी मधे पडलंय आणि त्याला वळसा घालून जावं लागतंय, तसं दोन्ही कडांनी बाहेर गेलं.

"अगो बाय, पाणी," बाहेरून ओरडा आला. "कोण सांडतंय रे पाणी? आत कोण हाय?"

पिंप रिकामं होईपर्यंत मी ओरडलो नाही. गप्प राहिलो. म्हणूनच बहुतेक त्यांना कळलं.

बनुबाईंनी वरवंट्याने कुलूप तोडलं. दार आत उघडलं, कशालाही न अडता. दारात कुणीच नव्हतं. सगळा उंबरा, सगळी फरशी ओली होती. फक्त दाराला लागून एक पट्टा कोरडा होता, माणसाच्या लांबीचा.

बनुबाईंनी तो पाहिला. मला वाटलं, आता पाण्यावरून बोलतील. त्या खाली बसल्या.

"तुझ्याआधी हितं व्हता त्या महिपतचापण असाच आवाज आलेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं टेप हाय. मी मिरच्या वाळत घालीत होते. दोनदा गेले दारावरून."

मग त्यांनी तोंडाला पदर लावला. भाडेकरू मिळणार नाही म्हणून मी राहायला आल्यापासून कुणी मला हे सांगितलं नव्हतं.

चार जणांनी येऊन खोली उपसली. ट्रंका, चटया, माळा, सगळं. साप नाही, विंचू नाही, काहीच निघालं नाही.

सुधीर सहाला आला. तुटलेलं कुलूप पाहून पायरीवरच बसला. मी विचारलं नाही, तोच बोलला.

"मण्यार व्हती. झोपेत चावली. त्यानंच सांगितलेलं कुलूप लाव, कॉपी करायचीय. मी लावून गेलो. संध्याकाळी आलो तर दाराला लागून पडलेला." मग म्हणाला, "पाकिटावर मडगावचा पत्ता लिहून ठेवलेला त्यानं. तिकिटं लावून. कॉपीची कॅसेट टेपातच व्हती. म्हटलं, पोराची एवढी हौस... मी कव्हरात गावाचं नाव लिवलं आणि टाकली पोस्टात. ऐकली नाय."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"तू ऐकलीस?"

"हां."

"माझं नाव घेतलं काय रे त्यानं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हातात तुटलेलं कुलूप होतं, ते तो बोटांनी दाबून बंद करायला बघत होता.

"नाय," मी म्हटलं. "नुसती गिटार हाय."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, मला अजून माहीत नाही. दोन हजार चार साली तो गेला, आजाराने. मी तेव्हाही त्याला सांगितलं नाही.

कोल्हापूरची कॅसेट मी परत पाठवली. माझी कॉपी कुणालाच दिली नाही, एकदाही वाजवली नाही. ती माझ्या महाडच्या घरी कपाटात आहे.

दोन हजार आठ साली इंटरनेटवर ती हॉटेलची टेप सापडली. कुणीतरी परदेशातून टाकली होती. राहवलं नाही, बी साइड लावली. पंखा आला, भोंगा आला, महिपतचं दार आलं. मला माहीत होतं, बनुबाई बोलतील आणि पुढे नुसती गिटार येईल.

बनुबाई बोलल्या. गिटार थांबली.

मग अगदी खालून एक धप आली. त्याच्या मागे, लांबून, प्लायवूड बडवल्याचा आवाज. आणि एक पोरगा ओरडत होता, टेप नाय, मी हाय, मी.

मी लगेच उठून कपाट उघडलं. कॅसेट होती तिथेच होती, धूळसुद्धा पुसलेली नव्हती.

त्या कपाटाला मी तेव्हापासून कुलूप लावत नाही.